ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करताना कशाच्या मागे कधी लागायचं

ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे कार्ड मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, सुरुवात क्लॉकपासून (चिपच्या वेगापासून) करू नका. आधी कार्ड मूळ सेटिंगवर कसं चालतंय ते बघा. आफ्टरबर्नर (कार्डाची सेटिंग बदलण्याचं सॉफ्टवेअर) आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू ठेवून अर्धा तास एखादा जड गेम चालवा आणि कोअरचं (मुख्य चिपचं) तापमान, हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वात तापलेल्या जागेचं तापमान), वॅट आणि प्रत्यक्ष क्लॉक लिहून ठेवा. एनव्हिडियाची अलीकडची कार्डं तापू लागली की तापमानाची मर्यादा यायच्या बरीच आधी क्लॉक १५-१५ मेगाहर्ट्झने उतरवत जातात. म्हणून धूळ काढणं आणि फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ती रेष) थोडा चढा करणं, एवढ्यानेही काही मेगाहर्ट्झ पदरात पडतात.

मग पॉवर लिमिट, म्हणजे कार्ड जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा. स्लायडर पूर्ण वर नेला तरी तो कंपनीने बायॉसमध्ये (कार्डातल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) घातलेल्या मर्यादेतच राहतो, पण पॉवर सप्लायमध्ये तेवढा दम हवा. स्लॉटमधून ७५ वॅट आणि ८ पिनच्या प्रत्येक कनेक्टरमधून १५० वॅट असा हिशेब असतो. कार्डाला असे दोन कनेक्टर असतील तर दोन वेगळ्या केबल लावा, एकाच केबलची दोन तोंडं नकोत. नवा १६ पिनचा कनेक्टर शेवटपर्यंत आत बसलाय का, हे टॉर्च मारून पाहा. अर्धवट बसलेले वितळलेले आहेत.

आता कोअर. दर वेळी २५ मेगाहर्ट्झ वाढवा आणि दहा मिनिटं चाचणी घ्या. पडद्यावर ठिपके चमकले, त्रिकोण फाटले किंवा ड्रायव्हर पडला की ४०-५० मेगाहर्ट्झ मागे या. ड्रायव्हर पडल्यावर मशीन रीस्टार्ट करूनच पुढे जा, नाहीतर पुढचे आकडे भरवशाचे नसतात. विंडोज कार्डाच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट पाहतं आणि मग ड्रायव्हर रीसेट करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली तर तेच झालंय.

इथे बहुतेक जण फरमार्क या कार्डावर प्रचंड ताण देणाऱ्या चाचणीवर विसंबतात, आणि माझ्या मते तीच मोठी चूक आहे. फरमार्क कार्डाला लगेच पॉवर लिमिटवर नेऊन टेकवतो आणि क्लॉक खाली येतो. म्हणजे जो वरचा क्लॉक तपासायचा, तो तपासलाच जात नाही. हलक्या गेममध्ये किंवा मेन्यूत वीज कमी लागते, क्लॉक कर्व्हच्या (कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक, या रेषेच्या) टोकाला जातो आणि कार्ड तिथेच कोसळतं. त्यामुळे एक जड गेम, एक हलका गेम आणि रे ट्रेसिंगवालं (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणारं) काहीतरी, अशा तिन्ही प्रकारांत तासभर टिकलं तरच क्लॉक स्थिर समजा.

मेमरी वेगळी तपासा, कोअरची वाढ शून्यावर आणून. १००-१०० मेगाहर्ट्झने वाढवा, पण फक्त क्रॅशची वाट पाहू नका. जीडीडीआर६एक्स ही काही कार्डांतली मेमरी चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवते, त्यामुळे गेम बंद पडत नाही, फक्त हळू होतो. प्रत्येक टप्प्यावर एकच बेंचमार्क तीनदा चालवून सरासरी काढा. स्कोअर वाढायचा थांबला की मर्यादा आली. तिथून २०० खाली या. मेमरी जंक्शनचं (मेमरी चिपच्या आतलं) तापमान दिसत असेल तर १०० अंशांच्या आत ठेवा.

व्होल्टेज वाढवण्याच्या मी विरोधात आहे. मिळतं थोडं, उष्णता मात्र भरपूर वाढते. उलट आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून तोच व्होल्टेज-क्लॉकचा कर्व्ह उघडा, लोडवर कार्ड जो क्लॉक देतं तोच ५०-७५ मिलिव्होल्ट कमी असलेल्या बिंदूवर नेऊन ठेवा आणि त्याच्या उजवीकडची रेष सपाट करा. पॉवर लिमिटला टेकणाऱ्या कार्डात वाचलेले वॅट क्लॉक टिकवायला कामी येतात. ही सेटिंगही वरच्याच तीन प्रकारांत तपासायची.

'स्टार्टअपला लागू करा' हा पर्याय आठवडाभर सुरळीत गेल्यावरच चालू करा. विंडोज उघडताच अडकलं तर सेफ मोडमध्ये जाऊन आफ्टरबर्नर काढून टाका. स्लायडरने बदललेलं काहीच कार्डात कायमचं लिहिलं जात नाही.