हेकरू अखेर तळाशी गेला

उतरवणीची क्लिप, म्हणजे खोलातून आलेला मासा ओठाला धरून वजनासकट परत खाली नेणारी आणि तिथे सोडणारी पकड, चालली! पन्नास मीटरवरून आलेला, डोळे बटबटीत झालेला, पोट तोंडातून बाहेर आलेला हेकरू (ग्रुपर) परत खाली गेला, क्लिप उघडली आणि शेपटीचा जोरकस फटका मारून तो खडपाकडे निघून गेला. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसतंय. मागच्या वेळी लिहिलं होतं की सोडलेला मासा बोटीमागे उताणा तरंगत राहतो आणि ते बघवत नाही. ते अजून डोक्यातून गेलं नसेल त्यांच्यासाठी ही बातमी आधी.

बाकी थोडक्यात. १८० ग्रॅमची लांबट जिग (धातूचं आमिष) स्लो पिचला, म्हणजे संथ झटक्यांनी खेळवताना, सुंदर पडते आणि सुरमई तिच्यावर तुटून पडली. सुरमईला पोटातली, तरंगायला मदत करणारी हवेची पिशवीच नसते, त्यामुळे लहान निघाली की गळ काढून सोडा, ती सरळ खाली जाते. खरं दुखणं हेकरू आणि तांबोशीचं.

त्यांची हवेची पिशवी बंद असते, भराभर वर ओढल्यावर हवा सोडायला वाट नाही. पन्नास मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सहापट असतो, म्हणजे वर येईपर्यंत तीच हवा सहापट जागा मागते. पण हिशेब उलटाही चालतो. परत दहा मीटर नेलं की ती निम्मी होते, वीसला तिसरा हिस्सा, तीसला चौथा. मोठा फरक पहिल्या तीस मीटरांतच पडतो. म्हणून पाच-सात मीटरवर सुटलेला मासा फुग्यासारखा पुन्हा वर येतो.

आधी वजनाला उलटा, बिनकाट्याचा गळ बांधून खालच्या ओठात अडकवत होतो. शांत पाण्यात तो छान चालतो. लाट असली की बोट खाली बसते, दोर सैल पडतो आणि मासा अर्ध्या वाटेत निसटतो. मग सीक्वालायझर नावाची तयार क्लिप घेतली. ती पाण्याच्या दाबावर उघडते, ५०, १०० आणि १५० फुटांच्या खाचा आहेत. सैल दोराने ती उघडत नाही, त्यामुळे प्रश्न सुटला असं वाटलं. पण १५० वर लावून दोर साठ मीटर सोडला, थांबलो, गुंडाळला, तर हेकरू क्लिपला तसाच लटकून वर आला. पुन्हा उतरवला, पुन्हा तेच. माशाचे हाल बघून बोट चालवणारा तांडेल तर माझ्याशी बोलेना.

कॅमेऱ्यातला खोलीचा आकडा बघितला तेव्हा कारण कळलं. बोट वाहत होती आणि दोर इतका तिरपा गेला होता की साठ मीटर सोडूनही क्लिप पस्तिशीच्या आसपासच होती. दोष क्लिपचा नव्हता, खोली मिळतच नव्हती.

आताची जुळणी अशी: जाड, एकपदरी नायलॉन दोराऐवजी (मोनो) पीई ३ जाडीचा विणलेला बारीक दोर, कारण बारीक दोराला प्रवाह कमी ओढतो. पाऊण किलोच्या जागी दोन किलो शिसं. क्लिप १०० फुटांवर, म्हणजे साधारण तीस मीटर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तांडेल बोट हळूहळू दोराच्या डोक्यावर ठेवतो. दोर सरळ उभा राहिला आणि क्लिप पहिल्याच वेळी उघडली. ही रॉड आता कायम बांधलेली, हाताशी असते. मासा वर आल्यावर जुळणी शोधत बसलात तर उपयोग नाही.

साहित्याबद्दल एक. अशाच क्लिपची स्वस्त नक्कल एका विक्रेत्याकडून आणली होती, तिची स्प्रिंग खाऱ्या पाण्याने महिन्याभरात गंजली. स्टील ३१६ चं, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणारं, आहे का, ते विचारूनच घ्या. आणि फुगलेल्या माशाला सुईने टोचून हवा काढण्यावर ज्यांचा भरवसा आहे त्यांना विनंती: तोंडातून बाहेर येतं ते पोट असतं, हवेची पिशवी नव्हे. त्याला टोचू नका.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे. हेकरू सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो, आणि त्याच्या बहुतेक जातींत मादी मोठी झाल्यावर नर होते. मोठे वेचून काढले की खडपावर नरच उरत नाहीत. जुन्या जागांवर मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर आता जे तुरळक ठिपके दिसतात, त्यातला प्रत्येक मोलाचा आहे. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने जानेवारी २०२२ पासून खडपातले मासे धरणाऱ्या बोटींवर अशी क्लिप किंवा सुई तयार ठेवणं सक्तीचं केलं. मला सक्तीची वाट बघायची नाही.

पुढच्या खेपेला वजन अडीच किलो करणार होतो. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, मासा बोटीत घ्यायचाच कशाला? बोटीच्या कडेला, पाण्यातच ओठाला क्लिप लावली तर जाळं नाही, फळीवरची तडफड नाही, फोटोची घाई नाही, आणि निदान मिनिटभर वाचेल. मग वजनाचं राहू दे, आधी क्लिपला हातभर लांब दांडा बसवतो. शिवाय साठच्या पुढे जाणं बंद. तिथून आलेल्यांतले काही नीट उतरवूनही जगत नाहीत, आणि पस्तीस मीटरच्या खडपावर अजून मासा आहे. कुणी दांडा करून बघितला असेल तर पकड कशी बसवली ते कळवा, ओल्या हातमोज्याने दाबता येईल अशी हवी आहे.