ऐंशी खुर्च्या, एकोणीस माणसं

डोंबिवलीतल्या आमच्या वाचकमंडळाला नाव असं काही नव्हतं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी बारा-चौदा जण जमायचो, वाचलेल्या पुस्तकावर बोलायचो, पोहे खायचो आणि पुढच्या महिन्याचं घर ठरवून उठायचो. 2023 च्या जूनमध्ये कुणीतरी म्हणालं, "एखादं जाहीर व्याख्यान ठेवू या की." मी तेव्हा आत कप विसळत होते. हात पुसत बाहेर आले तोवर मी चिटणीस झालेली होते.

तारीख ठरवायला त्रास पडला नाही. 12 ऑगस्ट हा ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीचा दिवस, म्हणजे ग्रंथपाल दिन, आणि तो नेमका दुसऱ्या शनिवारी आला होता. पुढचं मात्र एकेक पाऊल मोजत गेलं.

सभागृहासाठी अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "लेटरहेड?" नाही. "शिक्का?" नाही. "मंडळ नोंदणीकृत आहे?" आमच्याकडे पोह्यांची मोठी कढई सोडून मंडळाच्या मालकीचं काहीच नव्हतं. तीन फेऱ्या झाल्यावर कळलं की व्यक्तीच्या नावानेही सभागृह मिळतं. आधार कार्डाची प्रत, अनामत रक्कम, संध्याकाळी पाच ते सात. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे रिक्षाचे पैसे तरी वाचले असते.

वक्ते म्हणून कल्याणच्या एका निवृत्त ग्रंथपालांना विचारलं. मानधनाचा विषय कसा काढायचा याची मी आरशासमोर तालीम केली होती. त्यांनीच सोपं केलं. "रिक्षाभाडं द्या आणि शाल देऊ नका. घरात सतरा आहेत. आपल्याकडे थंडी पडते किती दिवस?" मग त्यांनी विचारलं, की समोर कोण असेल, मला नक्की किती मिनिटं आणि लोकांना बोलू देणार का. हे प्रश्न खरं तर मी आधी स्वतःला विचारायला हवे होते.

मिनिटांवरूनच आमच्यात जुंपली. मंडळातले सर्वांत ज्येष्ठ काका वहीच्या पानावर कार्यक्रमपत्रिका करून घेऊन आले: सरस्वतीपूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार, पसायदान. मी समोर मिनिटं मांडली. दोन तासांतली पस्तीस मिनिटं व्याख्यानाला उरत होती.

"काका, स्वागतगीत आणि समारोप काढू या का?"

"समारोप काढला तर अध्यक्ष कशाला?"

अध्यक्ष तेच होते. दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. शेवटी वहिनींनी (त्यांच्या पत्नी, मंडळातली सगळ्यात चोख वाचक) तोडगा काढला: दिवा काका लावतील, परिचय काका करून देतील, पण पाच मिनिटांत, आणि घड्याळ वहिनींच्या हातात. मराठी कार्यक्रमात वक्त्याचा वेळ वक्ता येण्याआधीच संपलेला असतो. हे मी प्रेक्षक म्हणून तीस वर्षं सोसलं होतं, चिटणीस झाल्यावर निदान कात्री तरी हाती आली.

व्हॉट्सअ‍ॅपवर बासष्ट जणांनी अंगठे दिले. मी ऐंशी खुर्च्या मांडून घेतल्या.

सव्वापाचला माणसं होती एकोणीस, आमचे चौदा धरून. शनिवार, रविवार, मग सोमवारची एक रजा टाकली की मंगळवारी 15 ऑगस्ट. ज्यांनी अंगठे दिले ते लोणावळ्याला होते. हा हिशोब जूनमध्ये आमच्या एकाही डोक्यात आला नाही. आता कुठलीही तारीख ठरवण्याआधी मी कॅलेंडरची मागची-पुढची पानं बघते. वर फ्लेक्सवर 'पुस्तकप्रमी मंडळ' छापून आलं होतं. प्र वरची मात्रा काळ्या मार्करने मी दिली, आणि आलेले एकोणीसही वेगवेगळ्या ओळींत, शक्य तितके मागे, दाराजवळ बसले होते.

सर आले, त्यांनी सभागृहावर नजर फिरवली आणि व्यासपीठावर चढलेच नाहीत. "खुर्च्या घ्या आणि इकडे या," म्हणाले. अर्धवर्तुळ झालं. माईक घुमत होता, तो त्यांनी बंद करायला लावला.

मग जे ऐकलं ते मला अजून आठवतं. रंगनाथन मुळात गणित शिकवायचे. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि तिथे इतके कंटाळले की परत वर्गात जायला निघाले होते. विद्यापीठाने त्यांना अभ्यासासाठी लंडनला पाठवलं. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला, त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण दरवेळी वेगळी वस्तू. पुस्तकांचे विषयही असे सुट्या तुकड्यांनी जोडता येतील, हे त्यांना तिथे सुचलं, आणि त्यातून त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, आणि तिसरा उलट, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. "दुसरा सगळ्यांना आवडतो," सर म्हणाले, "तिसऱ्यासाठी कष्ट करावे लागतात. कपाटातलं पुस्तक स्वतः उठून कुणाकडे जात नाही."

एक कॉलेजातली मुलगी आईबरोबर आली होती. ती म्हणाली, "पण आमच्याकडे कपाटांना कुलूप असतं. यादीत नाव शोधून चिठ्ठी द्यायची. मला काय हवं ते मला आधी माहीत कसं असणार?" सर हसले आणि तिथून पुढची वीस मिनिटं तिच्या प्रश्नावरच गेली: पुस्तकं चोरीला जाण्याची भीती, अनुदानाचा हिशोब, मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालय कर होता आणि आपल्या 1967 च्या कायद्यात तो नाही, त्यामुळे आपल्या वाचनालयांची सगळी मदार सरकारी अनुदानावर कशी.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे असं मी ठरवलं होतं, कारण काही मंडळी प्रश्न विचारायला उठतात आणि व्याख्यान देऊन बसतात. युक्ती निम्मी चालली. एकांनी चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरून दिल्या आणि खाली लिहिलं, 'कृपया मागे पाहा.'

चहाच्या वेळी आम्ही सरांना पुस्तक भेट दिलं. त्यांनी नाव पाहिलं, हातातल्या हातात उलटंपालटं केलं आणि त्या मुलीला देऊन टाकलं. "माझ्याकडे आहे. तिसरा सिद्धान्त." पुढच्या रविवारी त्यांच्या घरून आम्ही दोन पोती पुस्तकं आणली. तीही त्यांनीच दिली, घरात जागा नव्हती म्हणून.

नंतर जाहीर व्याख्यान पुन्हा ठेवलं नाही. 28 ऑक्टोबरला कोजागिरीला आमच्या गच्चीवर जमलो. एकाने एकच पुस्तक आणायचं, चार मिनिटं बोलायचं, घड्याळ अर्थात वहिनींकडे. त्या रात्री नेमकं खंडग्रास चंद्रग्रहण होतं. वेध दुपारपासून लागलेले, त्यामुळे मसाला दूध प्यायचं की नाही यावर पुस्तकांपेक्षा जास्त चर्चा झाली. निम्म्यांनी प्यायलं. काकांनी नाही. दोन पोत्यांतलं एक प्रवासवर्णन ते घेऊन आले होते. त्यांची चार मिनिटं झाली, वहिनींनी घड्याळ दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि बोलतच राहिले. ग्रहण एकच्या सुमाराला लागणार होतं, कुणालाच घाई नव्हती. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या त्यांच्या ग्लासवर तुळशीचं पान होतं.