भेगेतला नट निघाला आणि दोरावरून घसरत खाली गेला

पाच वर्षं मी फक्त बोल्टवर चढले. म्हणजे स्पोर्ट क्लाइंबिंग. कातळात कुणीतरी आधीच भोकं पाडून स्टीलचे बोल्ट बसवून ठेवलेले असतात. क्विकड्रॉचं, म्हणजे पट्टीने जोडलेल्या दोन धातूच्या कड्यांचं, एक टोक त्यात अडकवायचं, दुसऱ्यात दोर टाकायचा आणि पुढे निघायचं. कंबरेला डझनभर क्विकड्रॉ, डोक्यात फक्त पुढची मूव्ह. पडलो तर पडलो. एकाच अवघड मूव्हवर मी एका दुपारी पंधरा-पंधरा वेळा पडले आहे आणि संध्याकाळी हसत घरी गेले आहे.

त्यामुळे ट्रॅडवाले, म्हणजे बोल्टशिवाय, भेगेत स्वतःच काढता येणारं सामान अडकवत चढणारे, मला जरा विचित्रच वाटायचे. कंबरेला भांड्यांचं दुकान लटकवल्यासारखे खणखणत चालणार, मी बूट न बदलता चढेन अशा भेगेपाशी पाऊण तास घालवणार आणि वर पोचल्यावर तोंडावर असं समाधान की बघत राहावं. एवढं काय आहे त्यात, असं विचारलं की 'अनुभवच वेगळा' हे मोघम उत्तर ठरलेलं. त्या उत्तराची मला भयंकर चीड होती. आता मी स्वतःच त्या कळपात आहे, तर निदान मी तरी नीट सांगून बघते.

शिकवायला होते ते काका. सगळेच त्यांना नुसतं काका म्हणतात. साठी उलटलेली, भेगांत हात कोंबून कोंबून पंजाच्या पाठीवर जुने वण पडलेले. "काका, मला ट्रॅड लीड करायचंय," म्हटलं (लीड म्हणजे दोर घेऊन सगळ्यांच्या आधी चढायचं), तर म्हणाले, "अगं, चढता येत असेल तुला, ते नंतर बघू. आधी महिनाभर पाय जमिनीवर ठेवायचे."

महिनाभर मी कड्याच्या पायथ्याशी, छातीच्या उंचीवरच्या भेगांत नट बसवत हिंडले. नट म्हणजे तारेच्या फासाला ओवलेली धातूची छोटी पाचर. भेग खाली निमुळती होत जाते तिथं ती वरून सोडायची, खाली खेचायची, की अडकते. ऐकायला सोपं आहे. काकांची परीक्षाही साधी होती: बसवलेल्या नटला लांब स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, लावायची, तिच्यात पाय घालून उभं राहायचं आणि उड्या मारायच्या, जमिनीपासून वीतभर वर. पहिल्या दिवशी वीसातले सात निघाले. एक तर सणकन नडगीवर बसला.

ते सात का निघाले, हे बघण्यात खरं शिक्षण होतं. मी भेगेचं फक्त तोंड बघत होते. काका टॉर्च मारून आतलं दाखवायचे. मागे भेग फाकलेली असायची, किंवा नट दोन्ही बाजूंनी भिडण्याऐवजी टाचणीच्या डोक्याएवढ्या स्फटिकावर टेकलेला असायचा. तो कण तुटला की खेळ खलास. तीनेक आठवड्यांनी बोटं मापपट्टीसारखी चालायला लागली. भेगेत बोट घातलं की कोणता नट लागेल ते हात आधी सांगायचा, डोकं नंतर.

कॅमची तऱ्हा निराळी. भेगेच्या दोन्ही भिंती समांतर असतील तर पाचर अडकणार कशी? रे जार्डिन यांचे 'फ्रेंड्स' नावाचे कॅम १९७८ साली बाजारात आले आणि हा प्रश्न बराचसा सुटला. चाप ओढला की चार पाकळ्या मिटतात, भेगेत घालून सोडला की उघडून भिंतींना भिडतात. पाकळीचा वक्र असा असतो की ती कमीजास्त उघडली तरी भिंतीशी होणारा कोन बदलत नाही. जार्डिन यांनी तो १३.७५ अंशांचा ठेवला होता. या कोनामुळे खाली जेवढा ओढा बसेल त्याच्या साधारण दुप्पट जोराने कॅम दोन्हीकडच्या भिंती रेटतो. पडणाऱ्याला धरून ठेवतो तो हाच जोर, आणि पोकळ पापुद्रा असेल तर त्याला उचकटून काढतो तोही हाच. म्हणून कॅम घालण्याआधी कातळावर मूठ आपटून आवाज ऐकायचा. या सवयीपायी मी हल्ली कुठलीही भिंत दिसली की ठोकून बघते. घरचे हसतात.

नंतरचे दोन महिने मी काकांच्या मागून चढले. ते लीड करत सामान बसवत जाणार, मी खालून येताना ते काढत जाणार. काढण्याआधी प्रत्येक तुकडा, म्हणजे नट किंवा कॅम, नीट बघायचा, असा त्यांचा दंडक होता. मी मनातल्या मनात वाद घालायचे, की इथं कशाला, दोन हात वर किती सुंदर जागा आहे! मग त्या सुंदर जागेपर्यंत पोचले की कळायचं, तिथं एक हात सोडून उभं राहणं शक्यच नव्हतं. काकांनी आधीच्या आरामाच्या जागी काम उरकून घेतलं होतं. त्यांनी काय बघितलं असेल याचा अंदाज घेत चढणं, हा मला सगळ्यात आवडलेला भाग. तो इतका आवडेल असं वाटलं नव्हतं.

एकदा मधला एक कॅम मी बसवला. जास्त पक्का व्हावा म्हणून एक माप मोठा घेतला आणि पाकळ्या पार मिटवून कोंबला. आता काढायला त्या आणखी मिटायला हव्यात, आणि मिटायला जागाच नाही. नट काढायच्या आकड्याने एकेक पाकळी सरकवत तो सोडवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. काका एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

मग पहिली लीड. काकांनी निवडलेला रूट माझ्या नेहमीच्या ग्रेडपेक्षा बराच सोपा होता. कोपऱ्यातून जाणारी पंचवीस मीटरची भेग, मध्ये छोटंसं छप्पर, म्हणजे पुढे आलेला कातळ. बोल्ट असते तर गप्पा मारत चढले असते. आता कंबरेला पाचेक किलो सामान, आणि कुठं थांबायचं हे सांगणारी कातळावर एकही खूण नाही.

पहिला कॅम तीन मीटरवर घातला. पहिला तुकडा वरच्या आणि बाहेरच्या दिशेनेही ओढ सहन करणारा हवा, नाहीतर दोर ताणला गेला की खालून एकेक तुकडा चेन उघडावी तसा निघत जातो, हे काकांनी घोटून घेतलं होतं. दुसरा तुकडा म्हणून नट छपराच्या जरा खाली बसवला. मस्त बसला. आणि त्याला सवयीने आखूड क्विकड्रॉ लावला. इथंच चुकलं. मी छपराला वळसा घालून वर सरकले, दोर कोनात आला आणि माझ्या प्रत्येक पावलाबरोबर नटला वर उचलत राहिला.

'टिक्' असा बारीक आवाज झाला. मग 'सर्र'. खाली बघितलं तर नट क्विकड्रॉसकट दोरावरून घसरत जाऊन खालच्या कॅमपाशी टेकला होता.

हिशोब आपोआप झाला. मी सात मीटरवर, शेवटचा तुकडा तीन मीटरवर. चार मीटर वर आहे, म्हणजे सुटले तर निदान आठ मीटर पडणार, वर दोर ताणला जाणार तो वेगळाच. आणि जमीन सात मीटरवर आहे. तोंड कोरडं पडलं, डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला.

खालून काकांचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "बघितलं मी. पाय कुठं आहेत?"

"पायरीवर."

"बऱ्या पायरीवर?"

बघितलं. चांगली चार बोटं रुंद पायरी होती. "हो."

"मग उभी राहा की."

उभी राहिले. पहिला कॅम घातला, पाकळ्या पार उघडून टोकांवर टेकल्या, काढला. दुसरा आतच जाईना. तिसरा गेला. चारही पाकळ्या साधारण निम्म्या मिटलेल्या, चारही भिडलेल्या. दोनदा हिसडा देऊन बघितला. या वेळी आठवणीने साठ सेंटिमीटरची लांब स्लिंग लावली आणि त्यात दोर टाकला. पाय थडथडायचा थांबला तो बरोबर त्या क्षणी, बटण दाबल्यासारखा.

वर पोचून, मागून येणाऱ्या काकांना धरायला, तीन तुकड्यांचा अँकर बांधायला मी पंचवीस मिनिटं घेतली. भार तिघांवर सारखा यायला हवा, आणि एक निघाला तरी उरलेल्या दोघांना झटका बसता कामा नये. गाठ तीनदा सोडून परत मारली. काका मागून सगळं गोळा करत वर आले. "नऊ तुकडे. पाच बसलेले, तीन बरे, एक नुसता शोभेचा. छपरावरचा कॅम सगळ्यांत चांगला."

लोक म्हणतात, ट्रॅडमध्ये थरार जास्त. मला ते तितकंसं पटत नाही. थरारच हवा तर स्पोर्टमध्ये मोठ्या फॉल्सची चैन आहे. बोल्टवर भीती वाटली की मी ती दाबून टाकायचे, कारण चांगल्या बोल्टच्या हँगरवर, म्हणजे दोर अडकवायच्या पट्टीवर, २२ ते २५ किलोन्यूटनचा, म्हणजे दोन टनांहून जास्त भाराचा, आकडा असतो आणि भीती खोटी आहे हे मला ठाऊक असायचं. इथं ती दाबून चालत नाही. बाई गं, तुझं म्हणणं काय, असं तिला विचारावं लागतं. नट बारीक आहे म्हणून? कातळ ठिसूळ आहे म्हणून? की फक्त उंची दिसली म्हणून? कधी ती उगाच रडत असते, कधी शंभर टक्के बरोबर असते, आणि कुठली वेळ कुठली हे ओळखायचं काम माझं. स्पोर्टमध्ये हे काम बोल्ट बसवणाऱ्याने माझ्या आधीच करून ठेवलेलं असायचं. मला ते करायला आवडतं, हे मला माहीतच नव्हतं.

दुसरं कारण साधं आहे. शेवटचा माणूस वर आला की कड्यावर आमचं काही उरत नाही. याचा इतिहास मला फार आवडतो. ब्रिटनमधले क्लाइंबर पूर्वी भेगेत दगडाचे खडे अडकवून त्यांना दोरीचे फास लावत. मग वेल्समधल्या स्नोडन पर्वताच्या रेल्वेमार्गालगत पडलेले खरेखुरे यंत्रांचे नट उचलून त्यांत दोरी ओवायला लागले. आजच्या नटचं नाव तिथूनच आलं. १९६७ साली रॉयल आणि लिझ रॉबिन्स यांनी अमेरिकेतल्या योसेमिटीत 'नटक्रॅकर' हा रूट एकही पिटॉन, म्हणजे भेगेत ठोकायचा धातूचा खिळा, न ठोकता चढून दाखवला. ठोकलेले पिटॉन काढताना दर वेळी भेगेची कड थोडी फुटायची. आणि १९७२ मध्ये चढाईचं सामान बनवणाऱ्या इव्हॉन शुईनार्ड यांनी आपल्याच कॅटलॉगमधून गिऱ्हाइकांना सांगितलं, की पिटॉन सोडा, नट वापरा. तेव्हा त्यांचा मुख्य धंदा पिटॉनचाच होता! जर्मनीत एल्ब नदीकाठच्या वालुकाश्मावर तर धातूचे नट आणि कॅमही चालत नाहीत. तिथं दोरीच्या गाठी भेगेत कोंबतात. ते माझ्याच्याने होणार नाही, आधीच सांगते.

पण ट्रॅडवाल्यांचा सोवळेपणाही मला झेपत नाही. भेगच नसलेल्या गुळगुळीत चुनखडीवर बोल्टशिवाय लीड करणार कसं? पुन्हा पुन्हा पडून अवघड मूव्ह घोटायची सोय स्पोर्टनेच दिली. माझे हात आज जे काही करू शकतात ते बोल्टवर शिकले. आणि बोल्ट म्हटला की डोळे मिटून विश्वास ठेवावा असंही नसतं, समुद्रकाठी तर साधं स्टेनलेस स्टीलही आतून तडकतं, म्हणून तिथं टायटॅनियमचे बोल्ट बसवतात. मी अजून स्पोर्टला जाते. फक्त तिथं चढताना बोल्टच्या शेजारची भेग दिसली की 'इथं तीन नंबरचा नट गेला असता' असं पुटपुटते आणि खाली दोर सांभाळत बिले देणारी वैतागते.

स्वतःच्या सामानावर पहिल्यांदा पडले ती वेळ आठ महिन्यांनी आली. मुठीएवढ्या भेगेत कोंबून जॅम केलेला हात सुटला, आणि काही कळायच्या आत मी चारेक मीटर खाली लटकत होते. वर बघितलं. कॅम जागेवर. परत चढून जवळून पाहिलं तर तो थोडा फिरून खालच्या दिशेला वळला होता आणि कातळावर पाकळ्यांनी चार बारीक चंदेरी ओरखडे उठवले होते. मी ते बोटाने पुसून बघितले. पुसले गेले नाहीत.

मागच्या आठवड्यात त्या पहिल्या कोपऱ्यापाशी परत गेले होते. एक मुलगी पहिल्या लीडची तयारी करत होती, सगळं सामान जमिनीवर मापाप्रमाणे मांडून. न विचारता रूटबद्दल काही सांगू नये असा संकेत आहे, म्हणून मी गप्प बसून दोर गुंडाळत राहिले. शेवटी तिनेच विचारलं, "ताई, वर काय काय लागेल?"

"मधले कॅम दोन जास्त घे," मी म्हटलं. "आणि छपराखाली लांब स्लिंग लाव."