वेलांटी आधी की नंतर

शुक्रवार, रात्री

नवा पीसी आला. म्हणजे खोकं दुपारी साडेबाराला आलं. आता पावणेअकरा वाजलेत आणि मी हे वहीत लिहितेय, यावरून काय ते समजावं.

जुन्याने गणपतीतच इशारा दिला होता. आतून टक-टक आवाज यायला लागला, पाल चुकचुकल्यासारखा. दुरुस्तीवाल्या मुलाने नाडी बघावी तसा कान लावला आणि म्हणाला, "काकू, डेटा काढून घ्या. डिस्क आज नाही गेली तर दिवाळीला जाईल." तेरा वर्षं झाली जुन्या पीसीला. त्यावर मी किती प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, प्रबंध आणि भाडेकरार टाइप केले त्याची मोजदाद नाही. तेव्हा तक्रार नाही. पण जाणाऱ्याने निदान येणाऱ्याशी ओळख करून द्यावी ना!

पहिलं भांडण भोकांवरून. जुन्या पेटीच्या मागे कीबोर्डसाठी जांभळं गोल भोक आणि माउससाठी हिरवं. रंगाला रंग लावला की झालं, डोळे मिटून जमायचं. नव्याला गोल भोकच नाही. माझा कीबोर्ड जुना, टणक, दाबला की कळ दाबल्याचं कळतं असा, तो बाजूला. मॉनिटरची वायर निळी, पंधरा पिनांची. नव्याच्या मागे चपटी भोकं. परत दुकानात गेले. साडेचारशे रुपयांचा कन्व्हर्टर आणि नवा कीबोर्ड, त्याची बटणं इतकी पातळ की बिस्किटाच्या पुड्यावर टाइप केल्यासारखं वाटतं. दुकानातला मुलगा म्हणाला, "आता सगळं असंच येतं काकू." हे वाक्य आज मी चार जणांकडून ऐकलं.

मग चालू केला. "नमस्कार" म्हणाला, इंग्रजीत. देश कुठला, कीबोर्ड कुठला, वायफाय द्या. माझ्याकडे वायफाय नाही, पेटीत वायफायचा तुकडाही नाही. पुढे जाण्याचं बटण मंद, दाबलं तरी दाबलं जात नाही. नेट दिल्याशिवाय घरात घेणारच नाही म्हणे. पैसे मी दिलेत, घर माझं आहे, टेबल माझं आहे, आणि दारात उभी मी.

लेकीला बेंगळुरूला फोन. तिचं पहिलं वाक्य नेहमीचंच, "आई, तू कुठलंही बटण दाबू नकोस." फोन वायरने जोडून त्याचंच नेट संगणकाला द्यायला तिने शिकवलं. जमलं. मग खातं मागितलं. ईमेल टाकला. पासवर्ड आठवेना. विसरले म्हटलं तर कोड पाठवतो म्हणाला, आणि पाठवला कुठे, तर चार वर्षांपूर्वी बंद केलेल्या नंबरावर. मग नवीन खातं. तर मी माणूस आहे हे सिद्ध करा. एक हात दाखवला, त्याचं बोट एका दिशेला, शेजारी एक प्राणी. प्राण्याचं तोंड बोटाच्या दिशेला फिरवा. असं दहा वेळा. सातव्याला तो प्राणी बकरी की कुत्रा यातच माझा वेळ गेला आणि पुन्हा पहिल्यापासून. माणूस असल्याचा दाखला इतक्या खेपा घालून तहसीलदार कचेरीतही मागत नाहीत.

पासवर्ड झाल्यावर पिन. पासवर्ड असताना पिन कशाला, असं मी लेकीवरच खेकसले. तिचं उत्तर मात्र पटलं. पासवर्ड खात्याचा, जगात कुठूनही चालतो. पिन फक्त याच पेटीपुरता. कुणी चोरला तरी पेटी हातात असल्याशिवाय उपयोग नाही. बरं. हे त्यांनीच एका ओळीत लिहिलं असतं तर माझे शब्द वाचले असते.

शनिवार

रात्रभर अपडेट. सकाळी उठून बघते तर ३५ टक्के आणि "बंद करू नका". आमच्याकडे शनिवारी सकाळी लाइट जाते हे त्याला कोण सांगणार. गेलीच. परत आल्यावर त्याने आधीचे बदल मागे घेतले, मग पुन्हा तेच बदल करायला घेतले. तोवर मी पुरणाएवढा वेळ घालवून साधी उसळ केली.

दुपारी जागा बघितली. ५१२ जीबीचे पैसे दिले, आत ४७६. पावती घेऊन दुकानात जाणारच होते, लेकीने थांबवलं. डिस्क बनवणारा हजार-हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ च्या पटीत. जिन्नस तोच, माप दोन. मला लगेच कळलं, कारण आमच्या आजीच्या घरात शेर आणि किलो दोन्ही चालायचे आणि वाण्याशी भांडण त्यावरूनच व्हायचं. फक्त वाणी दोन मापं एकाच दुकानात ठेवत नसे.

आणि डी ड्राइव्ह कुठे आहे? सीमध्ये सिस्टीम, डीमध्ये काम, ई मध्ये फोटो आणि भजनं, अशी माझी तेरा वर्षांची घडी. इथे नुसतं सी. एकच मोठी खोली, त्यातच चूल आणि देव्हारा. लेक म्हणते आता भिंती घालायची गरज नाही. म्हटलं, गरज मला आहे. तिने लांबूनच पडद्यावर येऊन भिंत घालून दिली. तेवढी एक गोष्ट आज माझ्या मनासारखी झाली.

जुन्या डिस्कमधून कामाचे फोल्डर डेस्कटॉपवर आणले तर तासाभराने पाटी आली, तुमची जागा भरली. आत्ता तर ४७६ होती! तर ती ही जागा नव्हेच. मी डेस्कटॉपवर ठेवलेलं त्याने न विचारता नेटवर चढवायला घेतलं होतं, आणि तिकडे फुकट जागा फक्त पाच जीबी. विचारलं होतं म्हणे काल, "पुढे"च्या बटणावर. लोकांच्या घटस्फोटाचे अर्ज असतात माझ्या डेस्कटॉपवर. बंद करेपर्यंत हात कापत होते. बाकी तो कोपऱ्यातला व्हायरसवाला दर वीस मिनिटांनी "तुम्ही धोक्यात आहात" सांगतो. ते आता मलाही वाटायला लागलंय.

रविवार

आजचं नीट लिहिते.

जुन्या फायली उघडल्या. २००६ सालच्या एका प्रबंधाचं पहिलं पान. पडद्यावर काय, तर डोक्यावर दोन टिंबं दिलेले यू, शेपटीवाले सी, मध्येच पौंडाचं चिन्ह. पानंच्या पानं. मला कारण माहीत होतं तरी पोटात गोळा आला. आमच्या वेळचे मराठी फाँट म्हणजे एक सोंग होतं. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या आणि त्यांच्या युरोपातल्या भावंडांच्या जागांवर आपला काना, वेलांटी, अर्धा स बसवलेला. फाँट आहे तोवर मराठी दिसते. फाँट गेला की मुखवटा उतरतो. शिवाय प्रत्येक कंपनीने तुकडे वेगवेगळ्या जागी ठेवले, त्यामुळे एकाचं लिखाण दुसऱ्याच्या फाँटमध्ये निराळंच सोंग घेई. त्यातलं माझं सॉफ्टवेअर एका कुलपावर चालायचं. खरंच कुलूप, अंगठ्याएवढं, पेटीच्या मागे प्रिंटरच्या लांब भोकात खोचायचं. ते भोक नव्या पेटीला अर्थात नाही. कुलूप अजून आहे माझ्याकडे. हळदीकुंकवाच्या डबीशेजारी ठेवलंय, टाकवत नाही.

फाँटच्या फायली जुन्या डिस्कवर सापडल्या, त्या घातल्या, दिसायला लागलं. पण नव्या पेटीत युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, काम करायचं असं ठरवलंय, कारण आता वकिलांची मुलंही मजकूर फोनवर पाठवा म्हणतात. मग रूपांतर करणारा प्रोग्राम शोधला. एका मंगल कार्यालयाचा जुना करारनामा नमुन्याला घातला. आलं बरंचसं बरोबर. फक्त "स्थिती"ची वेलांटी स च्या आधी जाऊन एकटी उभी. आणि मधोमध एक कलम: "आचार्यास रु. ५,००० आगाऊ देण्यात येतील." स्वयंपाक करणाराचा शंकराचार्य झाला! आपला तो चंद्रकोरीसारखा र, दऱ्याखोऱ्यांतला, त्याला कळलाच नाही. सगळे र उचलून त्याने पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवले. दऱ्यांचा दर्या, वाऱ्यावरचं वार्यावर. मी हसले, मग लक्षात आलं की अशा साडेतीनशे फायली आहेत आणि प्रत्येकीत हे हाताने शोधायचं आहे. "ॲड."चाही घोळ आहेच. हा ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याच्या आधी ज्याने त्याने अ वर चंद्र कसाबसा चिकटवलेला.

आणि खरी गोष्ट ही नाहीच. खरी गोष्ट माझी बोटं.

मी मशीनवर शिकले. टाइपरायटरला आम्ही मशीनच म्हणायचो. १९९० ला मराठीच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या दोन्ही परीक्षा दिल्या, एका बैठकीत. मशीनवर कागद डावीकडे सरकतो आणि अक्षर जिथल्या तिथे उमटतं, त्यामुळे जे डोळ्याला आधी दिसतं ते आधी हाणायचं. "कि" म्हणजे आधी पहिली वेलांटी, मग क. ध, भ लिहायचे तर अर्धा भाग आणि मग काना. पुढे संगणक आला तरी माझ्या सॉफ्टवेअरने मशीनचीच मांडणी दिली, म्हणून पस्तीस वर्षं बोटांना दुसरं काही ठाऊक नाही. नव्या पेटीत मराठी घालायला गेले तर यादीत दोनच पर्याय. एक इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारा. तो मी घेणार नाही. "माझे" लिहायला मनात आधी इंग्रजी कशाला जुळवायचं? दुसरा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी.

इनस्क्रिप्ट लावलं, नेहमीसारखी सुरुवात केली, "दिनांक". वेलांटी दाबली आणि पडद्यावर आलं ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ, त्याच्या कडेला वेलांटी. पाहुणा पोहोचला, यजमान घरी नाही. युनिकोडला तसं मान्यच नाही. तिथे जसं बोलतो तसं लिहायचं, आधी द, मग वेलांटी. "स्थिती" म्हणजे स, पाय मोडा, थ, वेलांटी. दिसायला वेलांटी आधी असली तरी ती त्याची तो सरकवून घेतो. तो प्रोग्राम स्थितीवर का अडखळला तेही आता कळलं. जुन्या फाईलमध्ये वेलांटी दिसते तिथे साठवलेली, नवीन साठवण उच्चाराच्या क्रमाने. त्यालाही माझ्यासारखंच हात उलटे फिरवावे लागतायत.

मांडणी वाईट नाही, हे कबूल करते. स्वर आणि मात्रा जवळजवळ सगळ्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. पाय मोडायचं बटण डाव्या हाताच्या मधल्या बोटाखालीच. शिफ्टबरोबर जे दाबलं की चंद्रकोरीचा र, मग पाय मोडून य, की "ऱ्य" तयार. आचारी आचारीच राहतो. शिवाय ही मांडणी नवीही नाही. १९९१ च्या भारतीय मानकात ती आहे, म्हणजे मी मशीनची परीक्षा पास होऊन वर्ष होतंय तोवर. कुणी सांगितलंच नाही! लेकीच्या ऑफिसातला कन्नड सहकारी कन्नडचा क त्याच बटणावर दाबतो म्हणे, जिथे आपला क. ब्राह्मीतून आलेल्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. हे ऐकल्यावर मला राग यायचा थोडा कमी झाला. थोडाच.

संध्याकाळी घड्याळ लावून बघितलं. मिनिटाला अकरा शब्द. चाळीसची बाई अकरावर. डावा हात बरोबर जातो आणि उजवा अजून मशीनवर बसलाय. दोनदा रागाने स्पेसबार इतका जोरात हाणला की वरची वेळेची पाटी हलली असं वाटलं.

मशीनची मांडणी देणारा वेगळा प्रोग्राम मिळतो, लेक म्हणाली, हवा तर घालून देते. तासभर विचार केला. घालू नकोस म्हटलं. का म्हटलं ते मलाही नीट सांगता यायचं नाही. पस्तीस वर्षांपूर्वी इन्स्टिट्यूटमध्ये बाई आमच्या बोटांवर रुमाल टाकायच्या, बटणं दिसू नयेत म्हणून. रात्री तोच प्रकार केला, स्वयंपाकघरातला पंचा घेऊन. क, मग वेलांटी. क, मग वेलांटी. कि कि कि कि, दोन पानं. शेजारच्या वहिनी खिडकीतून विचारत होत्या, काय झालं म्हणून.

सोमवार

वहीतली ही तीन दिवसांची पानं आज नव्यावर टाइप केली. एवढ्याला सव्वातीन तास लागले. चुका निघाल्या तर वेलांट्यांच्याच निघतील.

सकाळी दहाला वकीलसाहेबांचा कारकून प्रतिज्ञापत्रासाठी आला होता. टाइप झालं, वाचून दाखवलं, पसंत पडलं. कागदाचा आकार तेवढा "लेटर" धरून बसला होता, देशाच्या रकान्यात शुक्रवारी घाईत मी अमेरिका ठेवली होती. ते बदललं, लीगल केलं. मग छापा म्हटलं तर प्रिंटर ढिम्म. तो नव्या पेटीला ओळखतच नाही. त्याचा ड्रायव्हर जुन्या ३२ बिटांच्या सिस्टीमसाठी होता, नवा काढलेला नाही.

कारकून पेनड्राइव्हवर घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. दहा मिनिटांनी त्याचा फोन. "मॅडम, इथे सगळं चौकोन-चौकोन दिसतंय, फाँट कुठला आहे तुमचा?"

पीडीएफ करून पाठवलं.