तुम्ही विचारलंत म्हणून: हुसेन घोडेच का काढायचे?

माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर येतोच. माउंटचा, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याचा, रंग ठरेपर्यंत गिऱ्हाईक भिंतीवरचा प्रिंट बघतं आणि म्हणतं, अहो हे एम. एफ. हुसेन घोडेच का काढायचे, दुसरं काही जमायचं नाही का? आणि लगेच पुढचं, यांचे ते वास्तूचे सात घोडे मिळतील का?

आधी सात घोड्यांचं सांगतो. वास्तूवाल्या चित्रात सगळे घोडे शिस्तीत एका दिशेला धावतात, हुसेनचे तसले नाहीत, एकाची मान उलटी वळलेली, दुसऱ्याने दात विचकलेले, तिसऱ्याचे पाय नक्की कुठल्या धडाचे तेच कळत नाही. घरात सुखशांतीसाठी लावणार असाल तर राहू द्या.

आता घोडेच का. माणूस आपल्या पंढरपूरचा, जन्म 1915 चा, पण आई अगदी लहानपणीच गेली आणि मग वडिलांबरोबर इंदूरला. तिथे मोहरमच्या मिरवणुकीत पैगंबरांचे नातू इमाम हुसेन यांचा घोडा, म्हणजे दुलदुल, निघायचा, आणि तो स्वाराशिवायच असतो कारण स्वार करबल्याच्या लढाईत मारला गेलेला, भोवती लोक छाती बडवून रडतायत, हे सगळं त्या पोराने बघितलेलं. मला तर वाटतं त्यांचा घोडा रेसकोर्सवरचा का वाटत नाही ते इथेच आहे, बहुतेक वेळा त्याच्या पाठीवर कोणी नसतं आणि तो ओरडतोय असंच दिसतं. पुढे 1952 मध्ये ते चीनला गेले, तिथे थांग राजवटीच्या काळातले मातीचे घोडे आणि चिनी चित्रकार शू बेइहोंग यांचे शाईतले घोडे बघितले, मग काय, गाडी सुटलीच.

आणि हात कुठे तयार झाला तर मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवताना, ग्रँट रोडच्या बाजूला. तिथे चौरस फुटावर पैसे, लांबून दिसलं पाहिजे, एक फटकारा मारला की मारला, खोडाखोडीला टाइमच नाही. नंतर भीमसेन गातायत आणि हे स्टेजवर रंगवतायत असा प्रोग्रॅम झाला तो काही उगाच नाही.

दुसरं जमायचं नाही म्हणणाऱ्यांना मी ‘ग्राम यात्रा’ सांगतो. 1954 चं, जवळपास 14 फूट लांब, खेड्यातल्या आयुष्याचे तेरा तुकडे. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला ते साधारण 118 कोटींना गेलं. म्हणजे सगळ्यात महाग हुसेन घोड्यांचा नाहीच! पण घोडा पटकन ओळखू येतो, हॉलमध्ये लावला की पाहुण्याला सांगावं लागत नाही, म्हणून मागणी त्यालाच, आणि त्यांनीही ती भरपूर पुरवली. स्पष्ट सांगतो, शेवटच्या काळातले बरेच घोडे मला सहीसारखे वाटतात, झरझर केलेले. पन्नास-साठच्या दशकातला एखादा बघा, फरक कळेल. (त्यांच्या माधुरी दीक्षितच्या चित्रांचा विषय नको, त्यात दुकान बंद करायची वेळ होते.)

नकली पण घोडेच जास्त. ‘ओरिजिनल आहे, जपून हं’ म्हणून कोणी आणलं की मी आधी मान बघतो, नक्कल करणाऱ्याचा ब्रश तिथे वळताना कचरतो, रेष जाड होते, थरथरते. आपण काही बोलत नाही, फ्रेमची पट्टी कुठली लावू एवढंच विचारतो.