पॉल चेंबर्सचा कप्पा: आतापर्यंतची नोंद

मागच्या नोंदीत सांगितलं होतं की कपाटातला मधला कप्पा रिकामा करून तो एकाच माणसासाठी राखून ठेवला आहे: डबल बास, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, वाजवणारा जॅझवादक पॉल चेंबर्स. तो कप्पा आता बराच भरलाय. काय मिळालं, कसं ऐकलं आणि अजून काय हवंय, ते लिहून ठेवते.

जॅझच्या रेकॉर्डी आपण नेत्याच्या, म्हणजे ज्याच्या नावावर रेकॉर्ड निघते त्याच्या, नावानं लावतो. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या रांगेत माइल्स, सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या रांगेत कोल्ट्रेन. पण कव्हरची मागची बाजू वाचायची सवय लागली की ही मांडणी अपुरी वाटायला लागते. आज ज्याच्या नावानं रेकॉर्ड झाली, तो पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याच्या साथीला उभा असायचा. टेनर सॅक्सोफोन वाजवणारा टीना ब्रुक्स हे याचं माझं आवडतं उदाहरण. १९ जून १९६० ला ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्डच्या ‘ओपन सेसमी’त तो साथीला होता, आणि शीर्षकाची रचनाही त्याचीच. सहा दिवसांनी ब्रुक्सच्या ‘ट्रू ब्लू’चं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा हबर्ड साथीला आला. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीनं या दोघींना ४०४० आणि ४०४१ असे लागोपाठचे क्रमांक दिले. नेत्याच्या नावानं लावल्या तर त्या एकमेकींपासून लांब जातात. शेजारी ठेवून लागोपाठ ऐकल्या की दोन तरुण एकमेकांना कशी जागा करून देतात ते लख्ख ऐकू येतं. ब्रुक्सच्या हयातीत त्याच्या नावावर निघालेली ती एकुलती रेकॉर्ड. बाकीची मुद्रणं तो १९७४ मध्ये गेल्यानंतर बाहेर आली. हे मला अजूनही सहन होत नाही.

तर साथीदारांच्या मागे जायचं ठरलं होतंच. चेंबर्स निवडला, कारण त्याच्याइतका सगळीकडे भेटणारा दुसरा बासवादक मला ठाऊक नाही. जन्म २२ एप्रिल १९३५, पिट्सबर्गचा. वाढला डेट्रॉइटमध्ये, आधी ट्यूबा वाजवायचा, मग बासकडे वळला. १९५५ मध्ये, विशीत, माइल्स डेव्हिसच्या पंचकात आला. जानेवारी १९६९ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी क्षयानं गेला. मधल्या वर्षांत प्रेस्टीज, ब्लू नोट, कोलंबिया, अटलांटिक, कंटेम्पररी अशा कितीतरी कंपन्यांच्या लेबलांखाली त्याचा बास वाजलाय. म्हणजे वाजवणारा एक आणि खोल्या निरनिराळ्या. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा हात कुठे संपतो आणि वादकाचा कुठे सुरू होतो, हे ओळखायला याहून चांगली सोय नाही.

सुरुवात हॅकेनसॅकपासून केली. न्यू जर्सीतल्या या गावात ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर आई-वडिलांच्या घरी बैठकीच्या खोलीत मुद्रण करायचा. दिवसा त्याचा व्यवसाय डोळे तपासण्याचा. माइल्सच्या पंचकानं प्रेस्टीजचा करार पुरा करण्यासाठी ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ अशा दोन दिवसांत तिथे इतकं वाजवून ठेवलं की त्यातून चार एलपी निघाल्या: ‘कुकिन’, ‘रिलॅक्सिन’, ‘वर्किन’ आणि ‘स्टीमिन’. कंपनीनं त्या पुढची काही वर्षं एकेक करून बाजारात आणल्या, आणि दोन्ही दिवसांचं मुद्रण त्यांत मिसळून गेलंय. ‘कुकिन’ पूर्ण ऑक्टोबरची. ‘वर्किन’ आणि ‘स्टीमिन’ बहुतांशी मे महिन्यातल्या, पण प्रत्येकीत ऑक्टोबरचा एक तुकडा. ‘रिलॅक्सिन’मध्ये याच्या उलट, बहुतेक ऑक्टोबर आणि दोन तुकडे मेचे.

या वेळी मी चारही काढून मुद्रणाच्या तारखेप्रमाणे ऐकल्या. उठाबशा फार होतात. एक तुकडा झाला की सुई उचला, तबकडी बदला, नेमक्या पट्ट्यावर पुन्हा टेकवा. पण मे महिन्यातला चेंबर्स आणि ऑक्टोबरमधला चेंबर्स असे शेजारी शेजारी ठेवल्यावर जे ऐकू आलं त्यासाठी हा खटाटोप शंभरदा करीन. मेमध्ये तो लय धरून चालतो. ऑक्टोबरमध्ये तो लयीच्या किंचित पुढे झुकून बाकीच्यांना ओढून नेतो, आणि फिली जो जोन्सचे ड्रम त्याला चिकटून असतात. हे माझं ऐकणं आहे. तुमच्याकडे या चार असतील तर एक संध्याकाळ मोकळी ठेवा.

हॅकेनसॅकचा बास गोल, जवळचा, थोडा मऊ कडांचा. त्यानंतर लगेच लावली सॅक्सोफोनवादक आर्ट पेपरची ‘आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन’. साथीला माइल्सचाच ताफा, म्हणजे पियानोवर रेड गार्लंड, चेंबर्स आणि फिली जो. तारीख १९ जानेवारी १९५७, ठिकाण लॉस एंजेलिस, मुद्रण रॉय ड्यूनानचं. कंटेम्पररीच्या कचेरीमागे माल ठेवायची खोली होती, तिथेच हे काम चालायचं. तोच बास इथे इतका कोरडा आणि स्वच्छ येतो की तारेवरून बोट सुटल्याचा आवाज वेगळा कळतो. हॅकेनसॅकमध्ये सूर आधी कळतो, इथे बोट आधी कळतं. मला दोन्ही हवेत, पण चेंबर्स काय करतोय ते शिकायचं असेल तर कंटेम्पररीची रेकॉर्ड पहिली लावा.

मग कोलंबियाचा ३० व्या रस्त्यावरचा स्टुडिओ. आधी चर्च असलेली ही इमारत, उंच छत, हवेत रेंगाळणारा आवाज. माइल्सची ‘काइंड ऑफ ब्लू’ सगळ्यांकडे असतेच, पण ती बाससाठी म्हणून ऐकलीत का? ‘सो व्हॉट’मध्ये मुख्य धून बासच सांगतो, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन त्याला दोन स्वरसंघातांत होकार देतात. साथीला मागे उभ्या असणाऱ्या वाद्याला असं पुढे आणून बसवणं त्या काळी सोपं नव्हतं. या रेकॉर्डीची एक गोष्ट संग्राहकाला माहीत असायलाच हवी. २ मार्च १९५९ च्या बैठकीत टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे तबकडीवर किंचित चढ्या सुरात आणि जलद वाजतात. ही चूक १९९२ मध्ये दुरुस्त झाली. माझ्याकडे जुनी आणि दुरुस्त अशा दोन्ही आहेत. बासची ती धून दोन्हींवर पाठोपाठ ऐकली की फरक पोटात जाणवतो: दुरुस्त प्रतीत ती थोडी जड पावलांनी येते, आणि मला तीच जास्त आवडते. जुनी मात्र कप्प्यातून हलणार नाही, कारण तीस-पस्तीस वर्षं जगानं ती धून तशीच ऐकली.

दुसरी बाजू २२ एप्रिलला मुद्रित झाली. त्या दिवशी चेंबर्सला २४ वर्षं पूर्ण झाली होती! मे महिन्याच्या सुरुवातीला तो कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’साठी अटलांटिककडे गेला. ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये एकाच स्वरसमूहावर किती तरी वेळ राहायचं, आणि इथे क्षणाक्षणाला पाया बदलायचा. दोन टोकांचं संगीत, मध्ये फक्त दोन आठवडे. त्याच एलपीवर कोल्ट्रेननं चेंबर्सच्या नावानं ‘मिस्टर पी. सी.’ बांधलंय.

चेंबर्सच्या स्वतःच्या नावावरच्या तीन ब्लू नोट रेकॉर्डींपैकी दोन हाताशी आल्यात: ‘विम्स ऑफ चेंबर्स’, क्रमांक १५३४, आणि ‘बेस ऑन टॉप’, क्रमांक १५६९. दुसरीवर मी बरेच दिवस अडकून आहे. पहिलाच तुकडा तो गजानं वाजवतो. जॅझमध्ये बास बोटांनी छेडायचा हीच रूढी, आणि चेंबर्सचा गज अनेकांना खरबरीत वाटतो. मला तो खरबरीतपणाच हवासा वाटतो. लाकूड, तार आणि राळ लावलेले केस यांचा तो आवाज आहे, आणि खर्जात उतरताना त्याला जी खोली येते ती बोटांनी येत नाही. केनी बरेलची गिटार, हँक जोन्सचा पियानो, आर्ट टेलरचे ड्रम. समोर फुंकून वाजवायचं वाद्य एकही नाही, त्यामुळे बासवर कुणाची सावली पडत नाही.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण बास ऐकायचा तर यंत्राची परीक्षाच असते. खर्जाच्या स्वरांना खाच फार रुंद झुलते. तशीच कापली तर एका बाजूवर मोजकीच मिनिटं मावतील. म्हणून तबकडी कापताना खर्ज कमी करतात आणि वाजवताना फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज मोठा करणारं यंत्र, तो पुन्हा वाढवतो. याचं प्रमाण १९५४ च्या आसपास आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) नावानं ठरलं. खर्ज वाढवताना टर्नटेबलची घरघर, पायांची धमधम, तबकडीचा वाक हे सगळंही वाढतं. बास धूसर वाटला तर बोट रेकॉर्डीकडे दाखवण्याआधी टर्नटेबल कशावर ठेवलाय ते बघा. माझा मी स्पीकरच्या फळीवरून काढून भिंतीत बसवलेल्या वेगळ्या फळीवर ठेवला, आणि ‘सोल स्टेशन’मधला चेंबर्स एकदम उभा राहिला. टेनर सॅक्सोफोनवादक हँक मोब्लीची ही रेकॉर्ड ७ फेब्रुवारी १९६० ची, व्हॅन गेल्डरच्या एंगलवूड क्लिफ्सच्या नव्या, लाकडी उंच छताच्या स्टुडिओतली. हॅकेनसॅकपेक्षा इथे बासच्या भोवती हवा जास्त आहे.

मोनो, म्हणजे स्टिरिओ नसलेल्या एकाच वाहिनीच्या, रेकॉर्डींसाठी मोनो कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) वापरते. ते नसेल तर अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीत येतो तो धुळीचा आणि झिजेचा आवाज, आणि तो बराचसा गळून पडतो.

एखादी जुनी रेकॉर्ड नव्यानं घरात आली की माझा क्रम ठरलेला आहे. आधी दिव्याखाली तिरपी धरून पृष्ठभाग बघायचा. मग लेबल आणि शेवटच्या खाचेमधला कोरा पट्टा वाचायचा. ब्लू नोट असेल तर तिथे आरव्हीजी, म्हणजे रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं, कोरलंय का, आणि कानासारखं दिसणारं वळणदार ‘पी’ आहे का ते बघायचं. ती तबकड्या दाबणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची खूण. ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेल्यावर १९६६ मध्ये ते काम थांबलं, म्हणून हा ‘कान’ असेल तर दाबणी त्याआधीची. लेबलावरचा पत्ता लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूचा आहे की पश्चिम ६३ व्या रस्त्याचा, यावरून काळ आणखी जवळ येतो. मात्र जुनी लेबलं उरली की कारखान्यात ती नंतरही वापरली जात, तेव्हा एका खुणेवर विसंबू नये. सगळ्या मिळून काय सांगतात ते बघावं.

हे सगळं वहीत उतरवल्यावर धुणं. ऊर्ध्वपातित पाणी, थोडं सौम्य द्रावण, ओला मऊ ब्रश, आणि पाणी ओढून घेणारं यंत्र. वाळल्यावर नवं पॉलिथिनचं आतलं पाकीट. जुनं छापील पाकीट फेकत नाही, ते कव्हरमध्ये वेगळं ठेवते, कारण त्यावरच्या जाहिरातीही काळ सांगतात. पीव्हीसीची पाकिटं मात्र घरात ठेवू नका. वर्षानुवर्षं चिकटून राहिली तर तबकडीवर धुरकट डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही.

या सगळ्यातून एक वाट मागे गेली, ती सांगितलीच पाहिजे. चेंबर्स ऐकता ऐकता त्याच्या आधीच्या पिढीतल्या जिमी ब्लँटन या बासवादकापर्यंत पोहोचले. पियानोवादक ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात हा मुलगा १९३९ मध्ये आला, १९४० मध्ये ड्यूकबरोबर फक्त पियानो आणि बास अशा जोडवादनाच्या रेकॉर्डी केल्या, आणि १९४२ मध्ये २३ व्या वर्षी गेला. बास धून सांगू शकतो, वाक्यं बोलू शकतो, हे त्यानं दाखवून दिलं. त्यातली एक ७८ फेऱ्यांची तबकडी मिळालीय. तिच्यासाठी वेगळी सुई लागते, कारण एलपीच्या खाचेला साधारण २५ मायक्रॉनची सुई पुरते, तर ७८ च्या रुंद खाचेला ७५ च्या आसपासची. आणि धुताना अल्कोहोल अजिबात नाही, कारण ही तबकडी लाखेची आणि लाख त्यात विरघळते. खरखर आहेच, पण बास तिच्यातून स्पष्ट येतो.

कप्प्यात अजून तीन मोठ्या जागा रिकाम्या आहेत. ब्लू नोटची १५६४, ‘पॉल चेंबर्स क्विंटेट’. व्ही-जेची ‘गो’, १९५९ ची. आणि १९५६ मध्ये लॉस एंजेलिसला जॅझ वेस्टसाठी केलेली ‘चेंबर्स म्युझिक’, ज्यात कोल्ट्रेन साथीला आहे. शेवटचीची मूळ दाबणी मिळेपर्यंत थांबणार नाही, चांगलं पुनर्मुद्रण मिळालं तरी घेईन. मला आधी ती ऐकायची आहे. ओलिव्हर नेल्सनची ‘द ब्लूज अँड द अ‍ॅबस्ट्रॅक्ट ट्रुथ’ कालच धुऊन वाळत ठेवली. २३ फेब्रुवारी १९६१, इम्पल्स, एंगलवूड क्लिफ्स, चेंबर्सच्या सोबत ड्रमवर रॉय हेन्स. फिली जो नसताना तो कसा चालतो, याची नोंद पुढच्या वेळी.