आमची वाटचाल : भेंडीतलं पाणी आणि पाकिटातलं तेल

अर्धापूरच्या शिवारात केळी कापणीला यावी आणि नेमका तेव्हाच व्यापारी फिरकू नये, हे आमच्या घराला नवीन नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात असाच माल पडून राहिला, तेव्हा धाकट्या दिरांनी अंगणातल्या पत्र्याखाली भट्टी मांडली. कच्च्या केळीचे वेफर्स. मी झारा धरला आणि भावजी मोटारसायकलला पिशव्या अडकवून नांदेडला दुकानं फिरू लागले. दोन वर्षं बरी चालली. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही; केळी माणसाला फसवत नाही, तळली की वेफर होते.

फसलो भाज्यांत. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्या, दर उन्हाळ्यात गच्चीवर गवार, भेंडी आणि कारल्याच्या काचऱ्या वाळवतात. २०१९ मध्ये नांदेडच्या एका दुकानदारानं भावजींना विचारलं, "भाज्यांचे वेफर्स होतात का हो? बटाट्याच्या दुप्पट भावानं जातील." घरी आल्या आल्या भावजी म्हणाले, "वहिनी, आत्याच्या काचऱ्या तळून पाकिटात भरायच्या, एवढंच तर आहे!"

एवढंच नव्हतं. बीट कढईत टाकलं की काळं पडायचं आणि कडू व्हायचं. बीटमध्ये साखर असते, ती १७०-१८० अंशांच्या तेलात करपते. भेंडी बाहेरून कडक आणि आतून चामडं. निम्मे घाणे म्हशींपुढे गेले. तरी पाकीट बाजारात आलं. छापखानावाल्यानं हिरव्या रंगावर मोठ्या अक्षरांत 'आरोग्यदायी' छापलं, मागे पोषणमूल्यांचा तक्ताही टाकला. तो तक्ता कुठून आला? दुसऱ्या कुणाच्या तरी पाकिटावरून, दोन-चार आकडे इकडेतिकडे करून. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा आम्ही तो वाचलाही नव्हता.

वाचला नांदेडच्या एका मुलीनं. तिचे वडील निवृत्त गुरुजी, शुगरचे पेशंट. तिनं फोन केला. "काकू, बाबा जेवताना भाजी घेत नाहीत, तुमचं बीट घेतात. आरोग्यदायी लिहिलंय ना, म्हणतात. तुमच्या तक्त्यात शंभर ग्रॅमला बारा ग्रॅम तेल लिहिलंय. मी पाकीट वर्तमानपत्रावर पालथं घातलं, तर खालच्या तिसऱ्या पानापर्यंत डाग गेला. हे बारा ग्रॅमचं तेल आहे का?"

उत्तर नव्हतं, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. आकडे आले: १०० ग्रॅमला ३६ ग्रॅम तेल, ऊर्जा ५४० किलोकॅलरी. बटाट्याचे वेफर्स साधारण एवढेच भरतात. म्हणजे आम्ही भाजीच्या नावावर बटाट्याचंच गणित दुप्पट भावानं विकत होतो.

परभणीला कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात जाऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला. भेंडीत ९० टक्के पाणी असतं, बीटमध्ये त्याहून थोडं कमी. तळताना पाणी वाफ होऊन जातं आणि मोकळ्या झालेल्या भोकांत तेल शिरतं. भाजी जितकी पाणीदार, तितकी तेल प्यायला जागा जास्त. दहा किलो बीट सोलून, कापून, तळून तेलासकट दीड-पावणेदोन किलो माल हाती येतो. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर ४० ग्रॅमच्या पाकिटात पाव किलोच्या आसपास कच्चं बीट बसलेलं असतं. त्याचा चोथा (म्हणजे तंतू) आणि पोटॅशियमसारखी खनिजं बरीचशी टिकतात. ही जमेची बाजू. पण त्या पाव किलोची साखरही बरीचशी त्याच मूठभर चकत्यांत येते. वरून चिमूटभरही न घालता! गुरुजींच्या शुगरचं काय होत असेल ते तेव्हा कळलं. क जीवनसत्त्व तर कापणं, उकळत्या पाण्यातून काढणं आणि तळणं यांत बहुतेक जातंच.

२०२० मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली: कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. कागदपत्रांत वर्ष गेलं, पण २०२२ मध्ये व्हॅक्यूम फ्रायर आला. बंद टाकीतली हवा ओढून घेतली की पाणी कमी तापमानालाच उकळतं, त्यामुळे तेल शंभरएक अंशांवर असलं तरी भाजी कुरकुरीत होते. बीट लाल राहिलं. १२० अंशांच्या वर पिष्टमय पदार्थ तळताना ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होतं, तेही कमी. आम्ही पेढे वाटले आणि नमुना पुन्हा तपासायला पाठवला.

तेल ३३ ग्रॅम! मशीनवाल्याला फोन झाले, भांडणं झाली, आणि चूक आमचीच निघाली. टोपली तेलातून वर काढली की ती टाकीतच गरगर फिरवून तेल निथळायचं असतं, आणि ते हवा आत सोडायच्या आधी. आम्ही आधी हवा सोडायचो. हवा जोरात आत आली की चकतीवरचं तेल भोकांत दाबून बसवते. मग कितीही फिरवा, ते निघत नाही. क्रम बदलला आणि आकडा २३ वर आला. मात्र अर्धापुरात ऐन फिरवण्याच्या वेळी लाइट जाणार नाही याची खात्री कोण देणार? जनरेटर येईपर्यंत लाइट गेलेला प्रत्येक घाणा आम्ही बाजूला काढून खुल्या मालाच्या भावात विकला.

एका सल्लागारानं आणखी सोपा उपाय सांगितला होता: चकत्या माल्टोडेक्स्ट्रिनच्या, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या पांढऱ्या पुडीच्या, पाकात भिजवा, वजनही भरतं आणि कुरकुरीतपणाही येतो. वजन भरतं हे खरंच, पण ते भाजीचं नसतं. नाही केलं. बाजारात 'पालक स्टिक्स' म्हणून बटाट्याचं पीठ आणि मक्याचं पीठ हिरवं करून विकतात, तेव्हा घटकांची यादी वाचावी. जे सगळ्यात जास्त ते आधी लिहावंच लागतं.

आता आमच्या पाकिटावर खरा तक्ता आहे. ४० ग्रॅमच्या एका पाकिटात सुमारे १९० किलोकॅलरी, ९.२ ग्रॅम तेल आणि २४० मिलिग्रॅम सोडियम. दिवसाला ६७ ग्रॅम तेल-तूप आणि २००० मिलिग्रॅम सोडियम धरून त्याचे टक्के काढतात, म्हणजे तेल १४ टक्के, सोडियम १२ टक्के. तंतू १०० ग्रॅमला ६ ग्रॅमच्या वर आहेत, म्हणून 'तंतूंनी समृद्ध' लिहायची मुभा आहे, तेवढंच लिहितो. 'आरोग्यदायी' काढलं. त्या जागी भावजींनी सुचवलेली ओळ आहे: 'शेव-चिवड्याच्या जागी चालेल, भाजीच्या जागी नको.'

दुकानदार चिडला. "वहिनी, स्वतःच्या मालाला कोण नको म्हणतं?" पहिले चार महिने त्यानं ऑर्डर निम्मी केली. अजूनही पूर्वीएवढी नाही, पण केळीच्या जोरावर आम्ही तग धरून आहोत. आणि आत्यांच्या उन्हात वाळवलेल्या काचऱ्या, न तळलेल्या, आता वेगळ्या पाकिटात जातात. तेल किती घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. गुरुजी त्या तव्यावर चमचाभर तेलात परततात, असं त्यांची मुलगी सांगते.

कारलं मात्र अजून जमलेलं नाही. मीठ लावून पिळलं की कडूपणा जातो, पण धुतल्यावरही मीठ उरतं आणि सोडियमचा रकाना फुगतो. सध्या आत्या म्हणतात तसं आंबट ताकात रात्रभर ठेवून बघतोय. परवाचा घाणा घरातल्यांनी संपवला, पण आमच्या घरात कारलं तसंही कुणी सोडत नाही, त्यामुळे तो निकाल धरलेला नाही.